घेतलेलें परत कोणीं करावयाचें?

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. संगणकाच्या कार्यप्रणालींत स्मृतीची देवघेव करणारीं जीं कार्यें असतात, त्यांची माहिती स्पष्ट भाषेंत कशी लिहावी, यासंबंधीं मला थोडेंसें बोलावयाचें आहे. आणि बोलणारा मी तर मॅट्रिकपलीकडे न गेलेला, भांडुपच्या एका मराठी शाळेंत व्याकरण आणि गणित शिकवून सेवानिवृत्त झालेला शिक्षक. यंत्राचें ज्ञान मला नाहीं. परंतु या विषयाचें अर्धें अंग यंत्राचें असलें, तरी अर्धें अंग वाक्याचें आहे. आणि वाक्याशीं माझा उभा जन्म गेला आहे. त्या अर्ध्या अंगाच्या बळावर मी आज आपल्यासमोर आलों आहें.

गोष्ट अशी झाली. मी राहतों ती पूर्वीची चाळ. आतां तिच्या जागीं सात मजल्यांची इमारत उभी आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. आमच्या भांडुपच्या पश्चिमेस टेकडी, टेकडीपलीकडे विहार तलाव आणि त्याच्या दक्षिणेस पवई. त्या पवईच्या अंगाला एका कंपनींत ती नोकरीला आहे. गेल्या श्रावणांत एका रविवारीं सकाळीं ती दोन छापील कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, यांतलें यंत्राचें तुम्हांला कांहीं विचारीत नाहीं. एवढें एक वाक्य वाचा आणि त्याचा अर्थ काय तो मला सांगा. एका मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

वाक्य इंग्रजी होतें. तिनें त्याचें शब्दशः मराठी करून दिलें तें असें : "हें कार्य यादीसाठीं जागा मिळवून यादी परत देतें. वापर संपल्यावर ती जागा मोकळी करण्यांत यावी."

मीं तें दोनदां वाचलें आणि विचारलें, "करण्यांत यावी, पण कोणाकडून?"

ती म्हणाली, "सर, तोच तर प्रश्न आहे."

मग तिनें सारी हकीकत सांगितली. ते लोक लहान यंत्रांसाठीं कार्यप्रणालीचा कांहीं भाग लिहितात. असेंच एक यंत्र चांचणीस ठेवलें असतां दर तीन-चार दिवसांनीं आपोआप बंद पडे. आठ दिवस शोध केल्यावर कळलें कीं, एका कार्यानें घेतलेली स्मृतीची जागा कोणीच परत करीत नव्हतें. गळक्या नळानें टांकी रिकामी व्हावी तशी ती थेंबाथेंबानें सरत होती. तो भाग लिहिणारा मुलगा नवा, उमेदवारीच्या सहा महिन्यांतला. 'निष्काळजी' असा शेरा त्याच्या नांवापुढें पडला. मुलाचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या कार्यानें जागा मिळविली तेंच ती मोकळी करील, असें मी पानावरून समजलों. वरिष्ठांचें म्हणणें असें कीं, ज्यानें यादी घेतली त्यानें जागा मोकळी करावयाची, हें कोणाही शहाण्या माणसाला समजतें.

श्रोतेहो, 'कोणाही शहाण्या माणसाला समजतें' हें वाक्य जेथें ऐकूं येतें, तेथें कांहीं तरी लिहावयाचें राहून गेलें आहे, असें खुशाल समजावें.

आतां ही स्मृतीची देवघेव म्हणजे काय, तें मला जसें समजलें तसें सांगतों. शाळेंत माझ्याकडे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे जडसंग्रहाची नोंदवही, असे. बाकें, खुर्च्या, फळे, कपाटें यांचा हिशेब तींत ठेवावयाचा. परीक्षा जवळ आली कीं वर्गशिक्षक येऊन म्हणत, "मला चाळीस बाकें द्या, आणि तीं एकाला एक लागून असूं द्या." मी वही पाहून मोकळीं बाकें ठरवीं आणि चिठ्ठी लिहून देईं : अमुक क्रमांकापासून पुढें चाळीस. त्यांचें काम झालें कीं ते बाकें परत करीत, आणि मी नोंद खोडीं. संगणकाची स्मृति म्हणजे हीं बाकें. कार्यप्रणाली म्हणजे नोंदवही सांभाळणारा मनुष्य. आणि जी आज्ञावली चालू असते ती म्हणजे बाकें मागणारा वर्ग.

'सी' नांवाच्या संगणकभाषेंत या मागणीला 'मॅलॉक' आणि परत करण्याला 'फ्री' असें नांव आहे. खरें पाहतां मॅलॉक हा मधला मुकादम आहे. तो कार्यप्रणालीकडून घाऊक जागा घेतो आणि किरकोळीनें वांटतो. कार्यप्रणाली स्वतः जागा मोजते ती पानांनीं. पुष्कळ यंत्रांवर एक पान ४,०९६ बाइटांचें, म्हणजे साधारण तितक्याच रोमन अक्षरांचें असतें. शिवाय आणखी एक गंमत आहे. प्रत्येक वर्ग आपल्या बाकांना एकपासून क्रमांक देतो, पण नोंदवहींत त्याच बाकांचे क्रमांक निराळे असतात. तसेंच प्रत्येक आज्ञावलीला वाटतें कीं, सारें सभागृह आपलेंच आहे. तिच्या क्रमांकाचा आणि खऱ्या क्रमांकाचा मेळ घालण्याचें काम कार्यप्रणाली गुपचूप करीत असते.

हें सर्व करणारीं कार्यें एकजण लिहितो आणि हजारों लोक वापरतात. वापरणाऱ्याला आंतील यंत्रणा दिसत नाहीं. त्याच्या हातीं असतें तें फक्त माहितीचें पान. म्हणून तें पान हाच दोघांमधला करार. त्या करारांत कोणत्या गोष्टी आल्या पाहिजेत, याविषयीं त्या रविवारीं आम्ही दोघांनीं दुपारपर्यंत खल केला, आणि शेवटीं पांच प्रश्न निघाले. ते मी क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न : काय मिळतें, आणि कोणत्या स्थितींत मिळतें? मॅलॉकनें दिलेली जागा पुसलेली असतेच असें नाहीं. पूर्वीच्या वर्गानें बाकावर खडूनें लिहिलेलें तसेंच असूं शकतें. 'कॅलॉक' नांवाचें दुसरें कार्य आहे, तें जागा शून्यांनीं पुसून देतें. पानावर नुसतें "जागा देतें" असें लिहिलें, तर नवशिका मनुष्य न पुसलेल्या बाकाला पुसलेलें समजून बसेल, आणि मागच्याचें गणित आपल्या उत्तरांत मिळवील.

दुसरा प्रश्न : न मिळाल्यास काय? मॅलॉकला जागा देतां आली नाहीं तर तें शून्य पत्ता देतें, म्हणजे कोरी चिठ्ठी. ही गोष्ट पानावर ठळक हवी. कारण कोरी चिठ्ठी घेऊन बाकें शोधावयास निघालेला शिपाई भलत्याच खोलींत शिरतो. 'रीअ‍ॅलॉक' नांवाचें कार्य घेतलेली जागा लहानमोठी करून देतें, आणि तसें करतांना प्रसंगीं सारें सामान दुसरीकडे हलवितें. तें अयशस्वी झालें, तर जुनी जागा जशीच्या तशी राहते. हें माहीत नसलेला मनुष्य नवी चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवरच लिहितो. नवी कोरी निघाली कीं जुन्या जागेचा पत्ताहि पुसला जातो, आणि ती जागा असून नसल्यासारखी होते. याहून सूक्ष्म गोष्ट लिनक्स या कार्यप्रणालीची. तेथें सामान्यतः मागणी उदारपणानें मंजूर होते. खरी जागा वापर सुरूं झाल्यावर लागते. म्हणून चिठ्ठी मिळाली याचा अर्थ बाकें निश्चित आहेत असा होत नाहीं. पुढें खरोखरच तुटवडा पडला, तर कार्यप्रणाली एखाद्या चालू आज्ञावलीचाच बळी घेते. लिनक्सच्या माहितीच्या पानांत हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. आपल्या वस्तूचें उणें असें उघड सांगणें, हाच प्रामाणिक लेखनाचा पहिला गुण.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मतें सर्वांत मोठा : परत कोणीं करावयाचें, कशानें, आणि किती वेळां? 'सी' भाषेंतलींच दोन कार्यें पाहा. 'स्ट्रडप' हें एखाद्या मजकुराची नवी प्रत करून देतें. ती घेणाऱ्यानें परत केली पाहिजे. 'गेटएन्व्ह' हेंहि मजकुराचा पत्ता देतें. पण तो मजकूर घेणाऱ्यानें परत करावयाचा नाहीं, त्यांत फेरफारहि करावयाचा नाहीं, कारण तो त्याचा नव्हेच. दोन्ही चिठ्ठ्या दिसावयास सारख्या. एक मालकीची, दुसरी नुसती पाहण्यासाठीं दिलेली. हा भेद चिठ्ठीवर दिसत नाहीं. तो पानावरच सांगावा लागतो. शिवाय जागा परत केल्यावरहि तिचा पत्ता आपल्या हातांत राहतोच. त्या पत्त्यावर पुन्हां गेलें, तर तेथें एव्हांना दुसरा वर्ग बसलेला असेल. आणि तीच जागा दोनदां परत केली, तर सारी नोंदवहीच बिघडते. परत करावयास विसरणारा मनुष्य यंत्राला हळूहळू उपाशी मारतो. दोनदां परत करणारा त्याला वेड लावतो.

चौथा प्रश्न : कोठून आणि केव्हां मागावें? कार्यप्रणालीच्या अगदीं गाभ्यांत, जागा शिल्लक नसेल तर मागणाऱ्याला थोडा वेळ थांबवून ठेवण्याची रीति आहे. सामान्य वेळीं थांबावयास हरकत नसते. पण यंत्राच्या एखाद्या भागानें घाईनें हांक मारली असतां त्या हांकेला उत्तर देणारा भाग थांबूं शकत नाहीं. तो थांबला कीं सारें यंत्रच खोळंबतें. लिनक्सच्या गाभ्यांत 'केमॅलॉक' या कार्याला मागणी करतांना थांबण्याची तयारी आहे कीं नाहीं, हें खुणेनें सांगावें लागतें. म्हणूनच तेथील माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या सांच्यांत, कार्य कोणत्या प्रसंगीं बोलावावें यासाठीं एक स्वतंत्र भाग आणि तें उत्तरादाखल काय देतें यासाठीं दुसरा स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. प्रसंग न सांगतां दिलेला सल्ला औषधाच्या त्या पुडीसारखा, जिच्यावर 'जेवणापूर्वीं' कीं 'जेवणानंतर' हें लिहिलेलेंच नाहीं.

पांचवा प्रश्न : काय ठरलेलें नाहीं? हा प्रश्न ऐकून मला प्रथम हंसूं आलें. जें ठरलेंच नाहीं तें लिहावयाचें कसें? पण याचें उदाहरण तिनें असें दिलें कीं, मी गप्प झालों. रीअ‍ॅलॉकला कोणी सांगितलें कीं, माझी जागा शून्य आकाराची करून दे, तर काय व्हावें? 'सी' भाषेच्या १९८९ च्या नियमांत याचा अर्थ जागा सोडून देणें असा होता. पुढें नियमांचे शब्द बदलले, आणि निरनिराळ्या प्रणाली निरनिराळें वागूं लागल्या. कोणी जागा सोडून शून्य पत्ता देई, कोणी एक इवलीशी जागा देई. शून्य पत्ता पाहून एखाद्याला वाटे कीं, मागणी फसली, म्हणजे जुनी जागा अजून आपलीच आहे. मग तो ती पुन्हां परत करी. शेवटीं २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत, असें केल्यास काय होईल याची कोणतीच हमी नाहीं, असें ठरवून टाकलें. पस्तीस वर्षांत जगांतल्या मोठमोठ्या जाणत्यांना एका शून्याचा अर्थ एकमतानें सांगतां आला नाहीं. अशा वेळीं "हें ठरलेलें नाहीं, येथें पाऊल टाकूं नका" अशी पाटी लावणें हेंच शहाणपण.

या पांच प्रश्नांचें महत्त्व आजचें नव्हे. आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देशी बनावटीचा मोठा संगणक १९६० मध्यें सुरूं झाला. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्याच्या स्मृतींत चाळीस अंकचिन्हांचे २,०४८ शब्द मावत. हिशेब केला तर हें दहा हजार दोनशें चाळीस बाइट होतात. आज आपल्या खिशांतल्या साध्या भ्रमणध्वनींतहि अब्जावधि बाइट असतात. तेव्हां जागा अपुरी म्हणून काटकसर करावी लागे. आतां जागा विपुल म्हणून गळती चटकन दिसत नाहीं, आणि दिसते तेव्हां यंत्र बंद पडलेलें असतें. श्रीमंताच्या घरचा हिशेब गरिबाच्या घरच्याहून अधिक नीट लिहिलेला हवा, तो याचसाठीं.

चांगल्या लेखनाचे नमुनेहि आहेत. केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेनें काढली. तींत प्रत्येक कार्याचें पान ठरलेल्या मथळ्यांनीं मांडलेलें आहे. नांव, वापरण्याची रीति, वर्णन अशा मथळ्यांबरोबर एक मथळा दोषांचा आहे, आणि आणखी एक त्या कामाच्या धन्याचा. आपण केलेल्या वस्तूंतला दोष आपणच छापणें, आणि खालीं आपलें नांव घालणें, हें मला फार आवडलें. १९७९ च्या सातव्या आवृत्तींत मॅलॉकच्या पानावर, दिलेल्या जागेची हद्द ओलांडल्यास किंवा फ्रीला भलताच पत्ता दिल्यास मोठा गोंधळ माजेल, अशी सक्त ताकीदहि आहे. पुढें लिनक्सच्या अशा पानांची निगा मायकेल केरिस्क या गृहस्थांनीं २००४ पासून अनेक वर्षें केली. आणि फार दूर कशाला, आमच्या टेकडीपलीकडे पवईस आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनीं कार्यप्रणालींवर विद्यार्थ्यांसाठीं पाठ्यपुस्तकें लिहिलीं. त्यांतल्या एकावर माझी ही विद्यार्थिनी शिकली. तें पुस्तक अजून तिच्या कपाटांत आहे, आणि त्याचा पुठ्ठा दोनदां बदललेला आहे.

आतां वाक्याकडे येतों. कारण तें माझें क्षेत्र. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून कितीतरी पिढ्यांनीं कर्ता, कर्म, क्रियापद घोकलें असेल. घोकतांना प्रत्येक मुलगा मनांत म्हणतो, याचा उपयोग काय? उपयोग हा. 'करण्यांत यावी' या रचनेंत कर्ता नाहींसा होतो. वाक्य सभ्य दिसतें, कोणाला आज्ञा केल्यासारखें वाटत नाहीं, आणि जबाबदारी अधांतरीं राहते. अशा लेखनांत माझा पहिला नियम असा कीं, प्रत्येक कामाला कर्ता असावा. 'मागणाऱ्यानें परत करावी', एवढे शब्द घातले असते, तर यंत्र बंद पडलें नसतें.

दुसरा नियम माझ्याच शिकवणीच्या उलट आहे. निबंधांत एकच शब्द वारंवार आला कीं मी लाल रेघ ओढीं. 'जागा' म्हटलें, आतां 'स्थान' म्हण, मग 'अवकाश' म्हण, असें सांगें. माहितीच्या पानावर हाच दोष होतो. वाचणारा विचारतो, जागा आणि स्थान हीं दोन कीं एक? एका वस्तूला एकच शब्द, आणि तो शेवटपर्यंत. भाषेचें सौंदर्य येथें नवरीच्या अंगावरील दागिन्यांत नसून वाण्याच्या वजनांत आहे. शेर तो शेर असला पाहिजे.

तिसरा नियम : 'करावें', 'करतां येईल' आणि 'केलेंच पाहिजे' हे तीन निराळे आहेत. पहिला सल्ला, दुसरी मुभा, तिसरें बंधन. घाईंत आपण तिन्ही एकाच अर्थानें वापरतों. पान लिहितांना प्रत्येक क्रियापदाला विचारावें, तूं यांतला कोण?

या नियमांनीं आम्ही तें पान पुन्हां लिहिलें. मराठींत त्याचें रूप असें झालें : "हें कार्य मागणाऱ्याला यादीची नवी प्रत देतें. यश आल्यास यादीचा पत्ता मिळतो. जागा नसल्यास शून्य पत्ता मिळतो, आणि त्या वेळीं परत करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मिळालेली यादी मागणाऱ्यानेंच, 'यादी सोडा' या कार्यानें, एकदांच परत केली पाहिजे. हें कार्य जागेसाठीं थांबूं शकतें. म्हणून जेथें थांबणें वर्ज्य आहे, तेथून तें बोलावूं नये." पांच-सहा वाक्यें झालीं. पूर्वीं दोन होतीं. लेखन आटोपशीर असावें हें खरें. परंतु आटोपशीर म्हणजे अर्धवट नव्हे.

तिनें दोन्ही पानें शेजारीं शेजारीं ठेवून वरिष्ठांना दाखविलीं, आणि एकच विचारलें, "पहिलें पान वाचून दुसऱ्या पानांतला अर्थ कोणाला सांपडेल का?" ते गृहस्थ न्यायी होते. त्यांनीं चार जणांना पहिलें पान वाचावयास दिलें. दोघांनीं एक अर्थ सांगितला, दोघांनीं दुसरा. पान बदललें. नव्या पानाखालीं तारीख घालून, परत कोणीं करावयाचें हें पूर्वींच्या पानावर नमूद नव्हतें, अशी ओळहि घातली. त्या मुलाच्या नांवापुढचा शेरा काढण्यांत आला. पाहा, मींहि 'काढण्यांत आला' म्हणालों! वरिष्ठांनीं तो स्वतः काढला.

ही हकीकत मी इतक्या आवडीनें सांगतों आहें, याला एक कारण आहे. आणि तें न सांगतां भाषण संपविणें मला योग्य वाटत नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. वार्षिक परीक्षेसाठीं वर्गांतलीं कांहीं बाकें बाहेर काढून अंगणालगतच्या उघड्या पडवींत ठेवलीं होतीं. परीक्षेच्या अखेरीस मीं सूचनेच्या वहींत लिहिलें : "परीक्षा संपल्यावर बाकें मूळ जागीं ठेवण्यांत यावीं." वर्गशिक्षकांना वाटलें, हें शिपायाचें काम. शिपायाला वाटलें, बाकें बाहेर नेलीं मुलांनीं, तेव्हां वर्गशिक्षक मुलांकडूनच आंत नेववतील. सुटी लागली. दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. अकरा बाकें भिजून फुगलीं आणि त्यांच्या फळ्या उकलल्या. नुकसानीची भरपाई शिपायाच्या पगारांतून झाली. त्याला विचारलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "मला कोणी सांगितलें नव्हतें, साहेब." त्याच्या म्हणण्याला उद्धटपणा समजलें गेलें. नोंदवही माझ्याकडे होती. भरपाईच्या कागदावर सही माझी होती. आणि ती कर्ताहीन सूचनाहि माझ्याच हातची होती.

मी त्या वेळीं गप्प बसलों. माझ्या वाक्यांत चूक आहे हें मला त्याच दिवशीं कळलें होतें. व्याकरण शिकविणाऱ्याला तें न कळेल कसें? पण तें कबूल करण्यास लागणारें धैर्य मला झालें नाहीं. पुढें तो शिपाई निवृत्त होऊन कोंकणांत आपल्या गांवीं गेला. कांहीं वर्षांनीं तो वारल्याचें कळलें. त्याच्याकडून घेतलेलें परत करावयास मी आतां कोणाकडे जाऊं? म्हणून माझी विद्यार्थिनी "एका मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे" असें म्हणाली, तेव्हां मीं तो कागद हातांतून खालीं ठेवला नाहीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोडे लोक संगणकाच्या कार्यप्रणालीची माहिती लिहीत असतील. परंतु सोसायटीच्या फलकावर सूचना आपण लिहितों. घरीं आजारी माणसाच्या औषधांचें वेळापत्रक लिहितों. भाड्याचा करार करतों, मृत्युपत्र करतों, गांवीं जातांना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून चिठ्ठी लिहितों. प्रत्येक ठिकाणीं कांहीं तरी घेतलें जातें, आणि तें कोणीं तरी परत करावयाचें असतें. लिहून झाल्यावर तेंच पान आपण अनोळखी मनुष्य आहों अशा समजुतीनें एकदां वाचावें, आणि पांच प्रश्न विचारावे : काय मिळतें? न मिळाल्यास काय? परत कोणीं करावयाचें? हें केव्हां करूं नये? आणि काय ठरलेलें नाहीं? यांतल्या एकाचेंहि उत्तर पानावर नसेल, तर लेखणी खालीं ठेवूं नये.

कारण वाक्यांत कर्ता घालावयाचा राहिला, म्हणून जगांत तो नाहींसा होत नाहीं. कोणाच्या तरी माथीं तें काम बसतेंच. आणि बहुधा तें अशाच्या माथीं बसतें कीं, ज्याला तें पान लिहिण्याचा अधिकार नव्हता.